डेटनला चार दिवस

 इंदूरहून बोलतोय.

माझी ओळख संयोजकांनी करून दिलीच आहे, त्यात एवढीच भर घालतो की मी फौजेत इंजिनिअर्समध्ये होतो. आम्हाला सॅपर म्हणतात. पूल बांधणारे, सुरुंग काढणारे, आणि हुकूम आला तर स्वतःच बांधलेला पूल उडवणारे लोक. त्यामुळे कुठल्याही गावात गेलो की माझी नजर आधी नदीकडे जाते, मग पुलाकडे, आणि देवळं, बाजार, उपाहारगृहं वगैरे त्यानंतर. ही खोड आजच्या बोलण्यातही दिसेल, आधीच माफी मागून ठेवतो.

विषय दिलाय, अमेरिकेतलं पाहण्यासारखं एखादं शहर. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा आपल्यातल्या अर्ध्या आईवडलांनी पाहिलंय. नायगारासमोर रेनकोट घालून काढलेला फोटो प्रत्येकाच्या घरात आहे, आमच्याही आहे. मी सांगणार आहे डेटनबद्दल. ओहायो राज्यातलं हे शहर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ लाख ३७ हजार, म्हणजे आपल्याकडे तालुक्याचं गाव म्हणावं एवढी. १९६० साली ती २ लाख ६२ हजार होती. कारखाने गेले, माणसं गेली. शहराच्या मधल्या भागात फिरताना हे जाणवतं. रुंद रस्ते, भव्य जुन्या इमारती आणि पदपथावर तुम्ही एकटेच. पण शहर मेलेलं नाही. वर तारा असलेल्या विजेच्या बस अजून धावतात, मुंबईत पूर्वी ट्रॉलीबस होत्या तशा. अमेरिकेत अशी शहरं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.

मुलगी तिकडे असते म्हणून आमचं जाणं झालं. तीनदा गेलो. पहिल्या खेपेला मला वाटलं होतं, इथे काय बघायचं? तिसऱ्या खेपेला परत यायला मन होईना.

सुरुवात सगळेच जिथून करतात तिथूनच करतो, अमेरिकी हवाईदलाच्या संग्रहालयापासून. शहराला लागून राइट-पॅटरसन हा हवाईदलाचा प्रचंड तळ आहे, त्याच्या एका कडेला हे संग्रहालय आहे. साडेतीनशेहून जास्त विमानं आणि क्षेपणास्त्रं, चार अवाढव्य हँगर, छताखालची जागाच १९ एकर. प्रवेश फुकट, गाडी लावायलाही पैसे नाहीत. सकाळी नऊ ते पाच, आणि वर्षात तीनच दिवस बंद: थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी. एका दिवसात पाहून होत नाही. मी दोन दिवस दिले आणि तरी क्षेपणास्त्रांचा भाग घाईत उरकला. चांगले बूट घाला. माझ्या पत्नीनं पहिल्या दिवशी नवीन चपला घातल्या होत्या, त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं.

चौथ्या हँगरमध्ये राष्ट्राध्यक्षांची विमानं आहेत, आणि त्यांत तुम्हाला चढता येतं. केनेडींना २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसला घेऊन गेलेलं विमान तिथे आहे. त्याच विमानात त्या दुपारी जॉन्सन यांनी शपथ घेतली आणि त्याच विमानातून केनेडींची शवपेटी परत आली. पेटी आत मावावी म्हणून मागच्या बाजूची आसनं काढून पडद्याभिंतीचा तुकडा कापावा लागला. ती जागा दाखवतात. मधली वाट एवढी अरुंद की पोट आत घेऊन चालावं लागतं, आणि जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाचं विमान एवढं चिंचोळं होतं याचंच आश्चर्य वाटतं. शेजारी पांढरं शुभ्र व्हॅल्किरी उभं आहे, आवाजाच्या तिप्पट वेगानं उडणारं. अशी दोनच बनली, एक १९६६ मध्ये पडलं, उरलेलं हे. अपोलो १५ चं चंद्राभोवती फिरून आलेलं यानही इथेच आहे.

आपल्यासाठी एक कोपरा खास. दुसऱ्या महायुद्धात आसामातल्या चाबुआ, दिनजान अशा धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनला रसद नेली जायची. वैमानिक त्या वाटेला 'हंप' म्हणायचे, म्हणजे उंटाचं वशिंड. त्याची हकीकत इथे मांडली आहे. मी अरुणाचलात दोन वर्षं काढली आहेत. ढग उतरले की समोरचा डोंगर दहा मिनिटांत नाहीसा होतो. त्या हवेत, त्या काळच्या यंत्रांनिशी, रात्रंदिवस उडायचं! मी तिथे बराच वेळ उभा होतो.

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात एक चकचकीत चंदेरी बी-२९ बॉम्बर उभा आहे. नाव बॉक्सकार. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब टाकला तो या विमानातून. नमुना नाही, तेच विमान. १९६१ मध्ये ते उडवत इथे आणलं. शेजारी 'फॅट मॅन'ची प्रतिकृती ठेवली आहे, पिवळी, गरगरीत, पाण्याच्या टाकीसारखी. लोक तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात.

सोबत माझी नात होती, तेव्हा अकरा वर्षांची. तिनं फलक वाचला. मूळ लक्ष्य नागासाकी नव्हतंच, कोकुरा नावाचं शहर होतं. तिथे ढग आणि धूर होता, खालचं दिसेना, म्हणून विमान पुढे नागासाकीला गेलं. ती म्हणाली, "आबा, म्हणजे कोकुरातली माणसं ढगामुळे वाचली?" मी म्हटलं, हो. "आणि त्यांना ते कळलं का?" मी म्हटलं, नंतर कळलं असेल. मग ती गप्प झाली आणि जरा वेळानं म्हणाली, "तुम्ही असता तर टाकला असता?"

मंडळी, मी चौतीस वर्षं गणवेश घातला. हुकूम म्हणजे काय हे मला माहीत आहे. जपानवर पायदळ उतरवावं लागलं असतं तर दोन्हीकडचे किती मेले असते, हा युक्तिवादही मला पाठ आहे, आमच्या अभ्यासक्रमात तो होता. आणि नागासाकीत त्या वर्षाच्या अखेरपर्यंत मेलेल्यांचा आकडा सत्तर हजारांच्या आसपास धरतात, हेही माहीत होतं. अकरा वर्षांच्या मुलीला यातलं काय सांगायचं? मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही." खरं सांगतो, फौजेत असताना हे वाक्य मी फार कमी वेळा उच्चारलं असेन. तिला ते उत्तर पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं माझा हात सोडला नाही.

संग्रहालयाबद्दल माझी एक तक्रार आहे. विमानाविषयी तिथे भरपूर माहिती आहे, पण ज्या शहरावर ते गेलं त्या शहराविषयी, माझ्या नजरेला तरी, फारच थोडं. युद्ध जिंकणाऱ्याच्या संग्रहालयात असं होतंच, आपणही काही वेगळे नाही.

त्याच संध्याकाळी जावयानं एक गोष्ट सांगितली. मी नंतर ती वाचून पडताळली. त्या बॉम्बचा स्फोट सुरू करण्यासाठी पोलोनियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य लागायचं. ते तयार झालं याच गावात! ओकवुड नावाचं डेटनचं श्रीमंत, झाडीचं उपनगर आहे. तिथे एका बड्या घराण्याचं खाजगी क्रीडागृह होतं, आत टेनिस कोर्ट, नाचायला जागा. युद्धात ते ताब्यात घेऊन आत प्रयोगशाळा उभारली. शेजारपाजाऱ्यांना पत्ता नाही. युद्धानंतर, १९५० मध्ये ती इमारत पाडून टाकली. आज तिथे बंगले आहेत, पाहण्यासारखं काही नाही. पण याच ओकवुडमध्ये, हॉथॉर्न हिल नावाच्या पांढऱ्या खांबांच्या घरात, त्या वेळी एक म्हातारा राहत होता. त्याचं नाव ऑरविल राइट. होय, विमानवाला. तो १९४८ पर्यंत जगला. ज्या यंत्राला त्यानं आणि भावानं पंख दिले त्याचं पुढे काय झालं, हे त्यानं आपल्या हयातीत पाहिलं. हॉथॉर्न हिल आतून पाहता येतं, पण ठरावीक दिवशीच आणि आधी नाव नोंदवून. आम्हाला ते जमलं नाही, बाहेरूनच पाहिलं.

राइट बंधूंचं डेटन हे खरं म्हणजे आनंदाचं प्रकरण आहे. विल्बर आणि ऑरविल, दोघांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. आधी छापखाना, मग सायकलींचं दुकान. साउथ विल्यम्स स्ट्रीटवरचं त्यांचं एक दुकान राष्ट्रीय उद्यान विभागानं जपलंय, प्रवेश फुकट. पहिलं उड्डाण १९०३ मध्ये किटी हॉकला, समुद्रकाठी झालं, हे शाळेत शिकलो. पण ते उड्डाण म्हणजे सरळ रेषेत मारलेल्या उड्या होत्या, सर्वात लांबची ५९ सेकंदांची. वळता येणारं, परत येणारं, मालकाचं ऐकणारं विमान त्यांनी डेटनजवळ हफमन प्रेअरी या ८४ एकर कुरणात घडवलं. कुरण एका बँकवाल्याचं. त्यानं भाडं घेतलं नाही, फक्त उडण्याआधी गाईघोडे बाजूला हाकत जा म्हणाला.

ते कुरण आजही आहे, तळाच्या हद्दीत, पण लोकांना जाता येतं. उंच गवत, लाकडी शेड, आणि एक मनोरा. मनोऱ्यावरून वजन खाली सोडायचं आणि त्या ओढीनं विमान रुळावरून पुढे फेकायचं, अशी युक्ती होती. सॅपर माणसाला अशी युक्ती दिसली की जेवल्यासारखं वाटतं. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बरनं इथे गोल गोल फेऱ्या मारत ३९ मिनिटं उड्डाण केलं, सुमारे ३९ किलोमीटर. शेजारून ट्राम जायची, तिच्यातले प्रवासी बघायचे. तरी वर्तमानपत्रांना खरं वाटेना. सप्टेंबर १९०४ मध्ये त्यांनी पहिल्यांदा पूर्ण वर्तुळ मारलं, त्याचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन छापून आलं कुठे? मधमाशीपालनाच्या मासिकात! संपादक अमोस रूट हा मधमाश्यांचा व्यापारी, तो मुद्दाम मोटार हाकत बघायला आला होता.

आणि आमचे लष्करवाले? राइट बंधूंनी १९०५ च्या सुरुवातीला आपल्या खासदारामार्फत सरकारला विचारलं, विमान घेता का. लष्कराच्या मंडळाचं उत्तर आलं की प्रयोगांसाठी आम्ही पैसे देत नाही, यंत्र प्रत्यक्ष वापरात येईल तेव्हा बघू. मी ते वाचून मोठ्यानं हसलो. देश कोणताही असो, हे पत्र लिहिणारा बाबू मला ओळखीचा वाटला. शेवटी १९०९ मध्ये लष्करानं विमान घेतलं.

ते १९०५ चं खरं विमान पाहायचं तर कॅरिलन पार्कमध्ये जा. हे तिकिटाचं संग्रहालय आहे, जुन्या इमारती, आगगाड्या, घंटांचा उंच मनोरा. विमान खड्ड्यासारख्या खोल जागेत ठेवलंय, आपण वरून कठड्याला टेकून बघायचं. ही कल्पना ऑरविलची. दुरुस्तीत त्यानं स्वतः लक्ष घातलं, आणि दालन उघडायच्या आधी तो गेला.

हे सगळे पाहतात. कमी लोक जातात ते पॉल लॉरेन्स डनबारच्या घरी. डनबार ऑरविलचा शाळेतला वर्गमित्र, वर्गातला एकटा काळा मुलगा. आईबाप दोघंही गुलामीत जन्मलेले. बाप पळून गेला आणि यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत लढला. मुलगा कवी झाला. राइट बंधूंच्या छापखान्यात त्याचं एक छोटं वर्तमानपत्र छापलं जायचं, थोड्याच अंकांत बंद पडलं. शाळेत हुशार, साहित्य मंडळाचा अध्यक्ष, पण काळ्या मुलाला कचेरीत नोकरी कोण देणार? लिफ्ट चालवायची नोकरी मिळाली, आठवड्याला चार डॉलर. पहिला कवितासंग्रह त्यानं त्या लिफ्टमधून वरखाली करणाऱ्यांनाच एक एक डॉलरला विकला. पुढे देशभर नाव झालं, इंग्लंडला जाऊन आला, आणि क्षयानं १९०६ मध्ये गेला, वय ३३. माया अँजेलोंच्या आत्मचरित्राचं नाव याच्याच कवितेतून घेतलंय. घर त्यानं आईसाठी घेतलं होतं, आई १९३४ पर्यंत तिथेच राहिली आणि तिनं त्याच्या वस्तू जपल्या. उघडं असण्याचे दिवस मोजके आहेत, आधी बघून जा.

डनबार, राइट बंधू, त्यांची बहीण कॅथरीन, सगळे वुडलँड स्मशानभूमीत आहेत. १८४१ पासूनची जागा, टेकडीवर, जुनी झाडं. पत्नी म्हणाली, "इतक्या लांब आणलंत ते स्मशान दाखवायला?" पण तासाभरानं तीच निघेना. तिथे एका लहान मुलाची समाधी आहे, १८६० मध्ये कालव्यात बुडालेला. दगडात त्याच्याशेजारी त्याचा कुत्रा कोरलाय. लोक अजून तिथे खेळणी ठेवतात, थंडीत कुत्र्याच्या गळ्यात मफलर घालतात. टेकडीच्या माथ्यावरून सगळं शहर दिसतं, आणि शहराला वळसा घालणारी नदीही दिसते. नदीकडे मी येणारच आहे.

त्याआधी झटकन एक. १९९५ मध्ये बोस्नियाचं युद्ध थांबवणारी बोलणी याच हवाईतळावर झाली, १ ते २१ नोव्हेंबर. सर्बिया, क्रोएशिया आणि बोस्नियाचे अध्यक्ष अधिकाऱ्यांच्या साध्या वसतिगृहांत उतरवले, मध्ये गाड्या लावायचं मैदान, समोरासमोर दारं. गोराझ्दे या वेढलेल्या गावाला जोडणारी पट्टी किती रुंद असावी यावर अडलं, तेव्हा संगणकावर डोंगरदऱ्यांवरून उडतोय असा नकाशा दाखवून मिलोशेविच यांना पटवलं, जोडीला व्हिस्की होती. सुमारे लाख माणसं मेल्यावर हे सुचलं. त्याआधी, मार्च १९९२ ते मार्च १९९३, तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. तह त्यांच्यानंतर झाला. पण डेटनचं नाव घेतलं की फौजी माणसाला तेही आठवतं.

आता नदी.

डेटनमध्ये ग्रेट मायामी नदीला स्टिलवॉटर आणि मॅड या दोन नद्या शहरातच येऊन मिळतात, वर एक ओढा. अशा जागी गाव वसवायचं म्हणजे पाण्याशी करार करणंच आहे. २३ मार्च १९१३, ईस्टरचा रविवार, पाऊस सुरू झाला. मंगळवारी बांध फुटले. शहराच्या मधोमध वीस फूट पाणी. वायूच्या नळ्या फुटून आगी लागल्या, म्हणजे खाली पाणी आणि वर आग. लोक पोटमाळ्यावर आणि छपरांवर. खोऱ्यात साडेतीनशेहून जास्त माणसं गेली.

त्या वेळी गावातला सगळ्यात मोठा कारखाना कॅश रजिस्टर बनवणारा. मालक जॉन पॅटरसन. विक्षिप्त, हुकूमशहा, आणि महिनाभरापूर्वीच मक्तेदारीच्या गुन्ह्यात वर्षभराची शिक्षा झालेला, अपील चालू. या माणसानं कारखान्यातल्या सुतारांना यंत्रं सोडून होड्या बनवायला लावलं. जवळजवळ ३०० सपाट तळाच्या होड्या झाल्या. कारखाना उंचावर होता, तिथेच निवारा, स्वयंपाक, दवाखाना. मी कॅप्टन असताना आसामात पुराच्या कामावर होतो. होडी हातात असणं आणि नसणं यात काय फरक असतो ते मी पाहिलंय. पॅटरसनची शिक्षा पुढे रद्द झाली, ती न्यायाची गोष्ट होती की होड्यांची, यावर तिकडे अजून चेष्टा चालते.

पण मला थक्क केलं ते पुढच्या कामानं. पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांच्या आत लोकांनी स्वतः वीस लाख डॉलर जमवले, पुन्हा पूर येऊ नये म्हणून. पोटमाळ्यावर बसून केलेला नवस आठवा, अशी त्या मोहिमेची हाक होती. वॉशिंग्टनहून पैसा आला नाही. आर्थर मॉर्गन नावाचा इंजिनिअर नेमला. त्यालाही कॉलेजची पदवी नव्हती. त्यानं नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर पाच मातीची धरणं सुचवली, १९१८ ते १९२२ मध्ये ती बांधली. १९१३ च्या पुरापेक्षा ४० टक्के जास्त पाणी आलं तरी टिकतील अशा हिशेबानं.

ती धरणं तुम्ही जाऊन बघा. एंगलवुडचं सगळ्यात मोठं, दीड किलोमीटरच्या जवळपास लांब, वरून महामार्ग जातो. वर उभं राहून मी पाणी शोधायला लागलो. पाणी नाही! मागे झाडी, पायवाटा, लहानसा धबधबा, कुत्री फिरवणारे लोक. ही कोरडी धरणं आहेत. आपल्याकडे धरण म्हटलं की जलाशय, दरवाजे, आणि पावसाळ्यात 'विसर्ग वाढवला' ही बातमी. इथे दरवाजेच नाहीत. तळाशी काँक्रीटच्या मोऱ्या आहेत, खालच्या शहरातलं पात्र जेवढं पाणी झेलू शकतं तेवढंच त्यांतून जाईल अशा मापाच्या. नेहमीची नदी आरामात निघून जाते. पूर आला की जादाचं पाणी आपोआप मागे तुंबतं, शेतात, रानात पसरतं, आणि चार-आठ दिवसांत उतरतं. कुणी बटण दाबायचं नाही, कुणाच्या हुकमाची वाट बघायची नाही. मोरीतून जोरात निघणाऱ्या पाण्याची रग जिरवायला खाली पायऱ्या आणि आडवे अडथळे आहेत. मी त्या पायऱ्यांपाशी एवढा वेळ उभा राहिलो की जावई गाडीत झोपला. १९२२ पासून दोन हजारांहून जास्त वेळा या धरणांनी पाणी अडवलंय आणि डेटनला तसा पूर पुन्हा आलेला नाही.

हाच मॉर्गन पुढे टेनेसी खोरे प्राधिकरणाचा पहिला अध्यक्ष झाला. आणि स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ आयोगावर, १९४८–४९ मध्ये, तो भारतात आला होता. त्या अहवालातला ग्रामीण विद्यापीठांचा विचार त्याचा. हे वाचल्यावर मला वाटलं, याला कुणी तेव्हा आपल्या नद्या दाखवल्या असत्या तर?

माझी ताई सांगलीत राहते, गावभागात. २००५ मध्ये घरात पाणी, २०१९ मध्ये पुन्हा, २०२१ मध्ये पुन्हा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. ती वयाच्या सत्तरीत होडीतून बाहेर आली, हातात औषधांचा डबा आणि देव्हाऱ्यातले देव. एंगलवुडच्या धरणावरून मी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं दाखवलं, मोऱ्या, पायऱ्या, रान. ती म्हणाली, "मग आपल्याकडे का नाही करत?"

सॅपर म्हणून सांगतो, हे जसंच्या तसं उचलता येणार नाही. कृष्णेच्या खोऱ्यात चार महिन्यांत वर्षाचं पाणी पडतं, आणि ते साठवलं नाही तर उरलेले आठ महिने शेतकरी काय करेल? धरण रिकामं ठेवणं आपल्याला परवडत नाही. मायामी नदीचं खोरंही कृष्णेच्या मानानं लहान. पण नदीच्या काठची जागा नदीसाठी मोकळी सोडायची आणि तिथे शंभर वर्षं कुणाला बांधू द्यायचं नाही, हा भाग स्थापत्यशास्त्राचा नाही. तो नगरपालिकेचा आहे, आणि आपला. फायदा ज्या घराला, त्या घरानं त्याची पट्टी भरायची, अशीही त्यांची व्यवस्था आहे, आजही भरतात. हे ताईला सांगितलं तर म्हणाली, "मी भरेन. पण मागच्या वर्षी भरलेल्या पट्टीचं काय झालं ते आधी कळू दे."

मग तिनं विचारलं, "आणि ज्यांच्या जमिनीवर ते पाणी पसरतं, त्यांचं काय?" बरोबर प्रश्न. हफमन धरणाच्या मागे ऑस्बर्न नावाचं गाव होतं. ते बुडणाऱ्या क्षेत्रात गेलं. धरणवाल्यांनी घरं विकत घेतली. मग गावकऱ्यांनीच कंपनी काढून ती घरं परत घेतली, ओंडक्यांवर चढवली आणि काही मैलांवरच्या नव्या जागेवर नेऊन ठेवली. सुमारे ४०० घरं! लाकडी घरं, म्हणून जमलं. ते गाव आज फेअरबॉर्न शहराचा भाग आहे आणि ती घरं अजून उभी आहेत, लोक राहतात. मी त्या गल्ल्यांतून चालत गेलो. साधी घरं आहेत, ओसरीवर झोपाळे, फुलांच्या कुंड्या. एका आजीबाईंनी हात हलवला. मी ताईला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "आमचं घर दगडी आहे रे."

जाण्याविषयी दोन शब्द. भारतातून थेट विमान नाही. सिनसिनाटी किंवा कोलंबसला उतरा, तिथून तासा-दीड तासाची गाडी. गाडी लागतेच, त्याशिवाय कुरण आणि धरणं होणार नाहीत. मुलंबाळं त्या भागात कुठेही असतील तर चार दिवस काढा. ऑक्टोबर उत्तम, झाडं लाल-पिवळी होतात. जानेवारीत मी एकदा गेलो, हफमन प्रेअरीवर वाऱ्यानं कान गळून पडतील असं वाटलं, आणि मी सियाचिनच्या बेस कॅम्पवर राहिलेला माणूस आहे. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये, तिथे पातळ पापडासारखा, चौकोनी तुकडे करून देणारा पिझ्झा मिळतो, चीजचाच घ्या.

समोरून खुणा करतायत, वेळ संपली म्हणून. धरणांचा एक आडवा छेद मी हातानं काढलाय, तो ज्यांना हवा असेल त्यांनी कळवा. प्रश्न घेऊ या.